हातातल्या चपला

"हिची आय आमच्या दारावरनं जाताना चपला हातात घ्यायची. एवढा मान होता तवा!"

आक्कासाहेब हे भर ट्रॅकवर बोलल्या. सांगलीतली बाग, सकाळची वेळ, माणसांची ये-जा. त्यांच्याबरोबर त्यांच्या ग्रुपमधल्या तिघी. चौघींच्या पायात पांढरे बूट. माझ्याकडं बोट दाखवून बोलल्या. आपण काही वाईट बोलतोय, असं त्यांच्या तोंडावर कुठं नव्हतं. जुनी गोड आठवण सांगावी, तशा सांगत होत्या.

तिघी हसल्या. एक म्हणाली, "खरंच? काय माणसं होती ना पूर्वीची!"

"विचारा की तिलाच," आक्कासाहेब म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "व्हय का न्हाई गं?"

आणि मी म्हणाले, "व्हय, आक्कासाहेब."

माझ्या तोंडानं. साठी उलटलेल्या बाईच्या तोंडानं. मान हलवून, वर थोडं हसून.

"चल, सरक जरा. आमी चौघी हाय."

मी सरकले. सरकले म्हणजे काय, ट्रॅक सोडून खाली हिरवळीत उतरले. नुकतेच फवारे बंद झालेले. गवताखाली नुसता चिखलाचा राडा. नवे बूट घोट्यापर्यंत रुतले. चौघी माझ्यापुढून गेल्या. अजून हसत होत्या.

मागं वळून बघितलं. माझी नात यशू, चौथीत आहे. ती शेजारच्या लाल पट्ट्यावर सायकल चालवत होती. तो पट्टा सायकलींचाच. तिला कुणी काही बोललं नव्हतं. तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. तरी पोरगी सायकलवरून उतरली होती. सायकल ढकलत चिखलात नेली होती. हँडल धरून उभी होती. मान खाली.

ती मान माझ्या ओळखीची होती. माझ्या आयची मान होती ती.

आता जरा मागचं सांगते, म्हणजे तुम्हाला नीट कळेल. मी बोलायला लागले की लांबण लागते, पण हे सांगायलाच पाहिजे.

माझं माहेर कडेगाव तालुक्यातलं. गावाचं नाव सांगत नाही. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन सांगलीत आले. मालक लवकर गेले. मग शिलाई मशीन घेतलं आणि ब्लाऊज शिवायला लागले. ब्लाऊजची कटिंगं जुन्या पेपरवर काढायची असतात. मी कटिंग काढता काढता वाचायची. पाठीच्या कटिंगवर अर्धी बातमी, बाहीच्या कटिंगवर अर्धी. दोन्ही जोडून वाचायची. माझं सगळं शिक्षण असं कापून-जोडून झालंय बघा.

पायमशीन मारून मारून गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, गोळ्या कमी करा आणि चाला. सून गुणाची. तिनं बूट आणले. मी म्हणाले, "अगं, बायामाणसाला बूट कशाला?" ती खाली बसली आणि माझ्या पायात बूट घालून नाडी बांधून मोकळी झाली.

आमच्या घरापासून बाग जवळ आहे. आत गोल ट्रॅक केलाय चालायला. त्याला लागून लाल रंगाचा पट्टा, पोरांच्या सायकलींसाठी. मला तो ट्रॅक लय आवडला. खरं सांगते, मला हसूच यायचं पहिल्यांदा. कुठं जायचं नाही, कुणाचं काम नाही, डोक्यावर भारा नाही, तरी चालायचं! आणि फिरून परत तिथंच यायचं! आयला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "येड लागलंय व्हय गं तुमास्नी?" आमच्या बाया जन्मभर चालल्या. पण चालल्या त्या पाण्याला, जळणाला, रानाला. उगीच चालायचं सुख मला साठीनंतर मिळालं. यशू शेजारून सायकलवर जायची, घंटी वाजवायची, "आज्जी, हरलीस!" म्हणून ओरडायची. पुन्हा गोल फिरून यायची, पुन्हा हरवायची.

बागेत बोर्ड आहे, डावीकडून चाला. सगळी माणसं तशी चालतात. एकच ग्रुप उलट्या बाजूनं येतो, तो आक्कासाहेबांचा. चौघी जणी अख्खा ट्रॅक अडवून येतात. समोरचा माणूस सरकतो, ही आक्कासाहेबांची जन्मापासूनची सवय.

आक्कासाहेब म्हणजे माझ्या माहेरच्या गावातल्या मोठ्या घरची लेक. माझ्याच वयाची. आम्ही एका वर्गात होतो. ती पुढं फळ्याजवळ, मी मागं दाराशी. तवा बी तिला "आक्कासाहेब"च म्हणायचं. सात वर्षांची पोरगी आणि आक्कासाहेब! सांगलीत दिली तिला. बागेसमोर बंगला आहे. इतकी वर्षं एका शहरात राहून आमची गाठ पडली नव्हती. ट्रॅकवर पडली.

"अहो मावशी, कुठल्या तुमी?" तिनं थांबवून विचारलं होतं. तोंडावळ्यावरनं ओळख लागली असावी. मी गाव सांगितलं. "कुणाच्या?" बापाचं नाव सांगितलं. तिचा चेहरा उजळला. "म्हंजे वड्यापल्याडची!"

ओढ्यापलीकडं आमची वस्ती. आम्ही धम्म घेतला, ती मी जन्मायच्या आधीची गोष्ट. पण गावाच्या तोंडी तो महारवाडाच. ज्यांना तोंडानं ते म्हणायचं नसतं, ते म्हणतात वड्यापल्याड.

त्या दिवसापासून तिची "अहो मावशी" गेली. "ए" आणि "अगं" सुरू झालं. आणि मग ती चपलांची गोष्ट निघाली.

ती गोष्ट खोटी नव्हती. म्हणूनच माझ्या तोंडून "व्हय" गेलं. पण अर्धीच होती. उरलेली अर्धी मी सांगते.

माझा बाप पलटणीत होता. सुट्टीवर आला की पलटणीचे बूट घालूनच गावात शिरायचा. बुटांना खाली नाल ठोकलेले. मोठ्या घराची आळी दगडांची. त्या आळीत खाड, खाड, खाड. ओट्यावर तंबाखू मळत बसलेल्यांचे हात थांबायचे. कोण काही बोलायचं नाही. पलटणीच्या माणसाला कोण बोलणार? बाप घरी येऊन म्हणायचा, "धम्म घेतलाय आपन. आता वाकायचं न्हाई."

सुट्टी संपायची. बाप जायचा. बुटांचा आवाज जायचा. आणि मग आयला भांगलणीला, उसातलं तण काढायला, कुणी बोलवायचं नाही.

सगळ्या बायकांना बोलावणं यायचं, आयला नाही. ऊस सगळा त्यांचा. रान त्यांचं. खुरपं कोपऱ्यात पडून. बापाची मनिऑर्डर कधी यायची, कधी लांबायची. चुलीवर नुसतं पाणी उकळताना मी बघितलंय. का बोलवत नाहीत, हे कुणी सांगायचं नाही. सांगायची गरज नव्हती. आयला कळायचं.

मग एका सकाळी आय त्या आळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. वाकायची. चपला काढायची. हातात घ्यायची. ओट्यासमोरून खालमानेनं जायची. दुसऱ्या दिवशी भांगलणीचं बोलावणं यायचं.

बाप सुट्टीवर यायचा, बूट वाजवून जायचा. त्या आवाजाचं सगळं आय फेडायची. हे बापाला तिनं कधी सांगितलं नाही.

एकदा मी तिच्याबरोबर होते. माझ्या पायात नव्या चपला, निळ्या पट्ट्याच्या. बापानं कुठल्या लांबच्या गावाहून आणलेल्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या. आयनं चपला काढल्या. मी नाही काढल्या. मला वाटलं, हे मोठ्या बायांचं काहीतरी असेल.

ओट्यावरून आवाज आला, "पोरीच्या चपला लय वाजत्यात गं."

एवढंच. शिवी नाही, काही नाही. हसत हसत.

आय भर आळीत खाली बसली. माझा एक पाय उचलला, चप्पल ओढली. दुसरा पाय उचलला, चप्पल ओढली. दोघींच्याही चपला आता तिच्या हातात. उन्हाळ्याचे दिवस. दगड तव्यासारखे. मी पाय उचलून उचलून टाकत होते, तर ती दात आवळून म्हणाली, "कडंनं चल. मान खाली घाल. रडू नगं."

त्या ओट्यावर, आपल्या बापाच्या मांडीशेजारी, पाय हलवत एक पोरगी बसली होती. आमच्याकडं बघत होती. तीच ही आक्कासाहेब. आम्ही दोघींनी एकच गोष्ट बघितली. तिला त्यात मान दिसला. मला माझ्या आयचे हात दिसले.

आयवर माझा राग नाही. अजिबात नाही. तिनं चपला हातात घेतल्या म्हणून आम्ही पोरं जगलो. पण त्या दिवशी माझ्या पायांना जे शिकवलं गेलं, ते पाय विसरले नाहीत. रस्त्यावर समोरून रुबाबाचं माणूस आलं की माझा पाय आपोआप कडेला जातो. दुकानात, दवाखान्यात, बँकेत. मला कळायच्या आधी पायाला कळतं.

बागेतून त्या दिवशी घरी येताना यशू सायकल ढकलत होती. बसत नव्हती. मी विचारलं, "तू का उतरलीस गं सायकलवरनं?"

"तू उतरलीस म्हणून."

"तुला कोण काय म्हणालं का?"

"नाही."

थोडं चालून तिनं विचारलं, "त्या कोण आहेत, आज्जी?"

"माझ्या गावच्या हायत."

"मग तू त्यांना घाबरतेस का?"

"घाबरत न्हाई गं."

"मग?"

 लय बोलणारी बाई मी. घरात माझ्या बोलण्याला कंटाळतात. पण त्या दिवशी रस्ताभर तोंड उघडलं नाही. डोक्यात एकच फिरत होतं. मी हिला कधी शिकवलं नाही. चपलांची गोष्ट हिला सांगितली नाही. हिच्या बापाला, माझ्या लेकालासुद्धा सांगितली नाही. म्हटलं, माझ्याबरोबर संपू दे. आणि ती एका सकाळी, न बोलता, माझ्या पायातून हिच्या पायात गेली.

लेकाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे ना आई. लोकांच्या तोंडी कशाला लागायचं? संध्याकाळी जात जा. त्यांची वेळ सोडून." तो वाईट नाही. नोकरी करतो, दबून करतो. सून बाथरूममध्ये माझे बूट धूत होती. ब्रशचा आवाज येत होता, जरा जास्तच जोरात.

मी बागेत जायची थांबले. गुडघा दुखतोय म्हणाले. यशूही जायची थांबली. तिला विचारलं, "चल की, सायकल खेळून ये." म्हणाली, "नको. तिथं त्या येतात." जिन्याखाली सायकल उभी. चाकांवरचा चिखल वाळून पांढरा पडलेला. मी शिवायला बसायची आणि बाही उलटी लावायची. उसवायची, पुन्हा उलटी.

आपण घरात बसलोय, पोरगी घरात बसलीय आणि ट्रॅक त्यांना मोकळा. हे असंच चाललं तर ही पोर उद्या शाळेत, कॉलेजात, नोकरीत कुठं कुठं उतरेल? कुणी न सांगता उतरेल. आपल्या पायानं बाजूला होईल. आणि तिला वाटेल, आपला स्वभावच असा.

रविवारी सकाळी मी उठले, बूट घातले. नाडी माझी मी बांधली. फडकं ओलं करून सायकलची चाकं पुसली. यशूला उठवलं.

"गुडघा?" तिनं विचारलं.

"दुखतोय. चल."

बागेच्या फाटकात मी तिला थांबवलं. म्हणाले, "तू तुझ्या लाल पट्ट्यावर चालव. पुढनं कोण बी येऊ दे, उतरायचं न्हाई."

"आणि तू?"

"मी बी."

अर्धा ट्रॅक झाला आणि वळणावर त्या दिसल्या. चौघी. आज रविवार म्हणून आणखी ऐसपैस. दोघी ट्रॅकवर, दोघी सरळ लाल पट्ट्यावर. आक्कासाहेब माझ्या समोर. बोलणं चालू, हात हलतायत. मला बघितलं, बोलणं थांबलं नाही. मी सरकणार, हे त्यांना ठाऊकच होतं.

खोटं कशाला सांगू? माझा उजवा पाय उचलला गेला होता. गवताकडंच चालला होता.   मी तो पाय परत ट्रॅकवर ठेवला आणि उभी राहिले. चालायची ताकद नव्हती, पण उभं राहता येत होतं.

आक्कासाहेब समोर येऊन थांबल्या. दोन हातांवर.

"अगं, सरक की."

"न्हाई सरकत."

त्यांना वाटलं मला चक्कर आली. "काय झालं? बरं न्हाई का?"

"बरं हाय मला. तुमी उलट्या बाजूनं येताय. बोर्ड बघा."

मागची एक म्हणाली, "काय ही भाषा! सकाळी सकाळी!"

आक्कासाहेब हसल्या. पण आता त्या हसण्यात गोडी नव्हती. "त्या दिवशीचं मनावर घेतलंस व्हय? अगं, गमतीनं बोलले मी. घरचं माणूस समजून."

"गमत व्हय?" मी म्हणाले. आवाज कापत होता, कापू दिला. "मग आज तुमी करा की गमत. काढा बूट. घ्या हातात. हितनं त्या बाकापातुर खालमानेनं जावा. आमी बी हसतो जरा."

 मागं माणसं थांबली होती. एक आजोबा हात मागं बांधून उभे. आक्कासाहेबांचं तोंड लाल झालं होतं.

"आता कशाला जातीचा विषय काढायचा?" मघाचीच बाई म्हणाली. "कुणी मानतं का हल्ली?"

"विषय मी काढला का, बाई? माझ्या आयच्या चपला तुमच्या बोलण्यात आणल्या कुणी? आणि आणल्या तर सगळं सांगा. ती मानानं घेत न्हवती हातात. पोटासाठी घ्यायची. न्हाई घेतल्या तर यांच्या रानात तिला काम मिळत न्हवतं. विचारा की यांनाच. व्हय का न्हाई, आक्कासाहेब?"

त्यांनी "व्हय" म्हटलं नाही. माझं तोंड पटकन म्हणालं होतं. त्यांचं बंदच राहिलं.

तेवढ्यात घंटी वाजली. ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग. यशू लाल पट्ट्यावरून येत होती. सायकल डुगडुगत होती, इतक्या हळू चालवत होती पोर. ओठ दाबलेले. उतरली नाही. पट्ट्यावरच्या दोघी दचकून बाजूला झाल्या. पुढचं चाक त्यांच्या मधून गेलं, मागचं गेलं.

आक्कासाहेब हिरवळीत उतरल्या नाहीत. तसं झालं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. त्या मागं फिरल्या आणि आल्या वाटेनं परत गेल्या. तिघी मागोमाग. जाताना मोठ्यानं म्हणाल्या, "लय चढलीत माणसं. कापडं शिवणारी बाई!"

आता त्यानंतरचं. ते पण सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी जिंकले.

त्या आठवड्यात आमच्याच कॉलनीतली एक गिऱ्हाईक आली आणि न शिवलेलं कापड परत घेऊन गेली. "घाई नाहीये सध्या," म्हणाली. डोळे भिंतीवर. मग दुसरीनं साड्या नेल्या, फॉल-पिकोला दिलेल्या. तिसरीनं पोरीला पाठवलं न्यायला. कुणी कारण सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मला कळलं. आयला कळायचं तसंच.

मशीनवर कापड टाकून मी बसून राहिले. लेक म्हणाला, "बघ. मी म्हणत नव्हतो?"  जेवताना त्यानं विचारलं, "आजी खरंच चपला हातात घ्यायची?" मी म्हणाले, व्हय. आणि बापाच्या बुटांपासून सगळं सांगितलं. तो ताटावरून उठला नाही, पण जेवलाही नाही. सुनेनं यशूला बाहेर पाठवलं नाही. ऐकू दे म्हणाली.

बागेचा वॉचमन जतकडचा. भला माणूस. परवा फाटकात त्यानं मला हळूच गाठलं. "आवं आजी, वरनं सांगणं आलंय. सकाळच्या टायमाला पोरांच्या सायकली नकोत म्हनं. आन् तुमी बी जरा... त्यांची येळ सोडून या की."

"लाल पट्टा कशासाठी केलाय रं?"

"सायकलीसाठीच की."

"मग पट्टा उखडा आधी. तवर ही चालवणार."

"आजी, माझी नोकरी हाय."

"तू तुझी नोकरी कर बाबा. तू मला सांगितलंस, तुझं काम झालं. मी ऐकलं न्हाई, ते माझं काम."

आधी वाट सोडा म्हणायचे. आता वेळ सोडा म्हणतात. सकाळ सोडा, ट्रॅक सोडा, बोलणं सोडा. आयनं सोडलं, कारण तिच्या पदरात आम्ही होतो आणि चुलीवर पाणी. मी नाही सोडणार. माझ्याही पदरात पोर आहे, आणि तिच्यासाठीच नाही सोडणार. कापडं परत गेली, जाऊ देत. या शहरात अंग झाकायला सगळ्यांनाच लागतं. दुसऱ्या गल्लीत पाटी लावीन. नाहीच कुणी आलं तर रिकाम्या मशीनवर बसून पेपर वाचीन. पण सकाळ झाली की बूट घालीन. पायातच घालीन.

आज फाटकातून आत शिरताना यशूनं सायकल थांबवली. लांबून त्या येताना दिसत होत्या. आज चौघी नव्हत्या, सहा-सात होत्या. बरोबर दोन पुरुषही.

"आज्जी, आज नाही सरकले तर?"

"घंटी वाजव."

"तरी नाही सरकले तर?"

"मग थांब. एक पाय खाली टेक. पण सीटवरनं उतरू नगं."

तिनं मान हलवली. मी तिच्या शेजारून चालायला लागले. ट्रॅकच्या मधून.